पिशवीचं इंजेक्शन

चंदाबाईनं नवऱ्याची तीन बोटं मोडली ती सोमवारी, भर सकाळी, सगळ्या तांड्यादेखत. कशानं मोडली यावर अजून एकमत नाही. कोणी वरवंटा म्हणतं, कोणी कुऱ्हाडीचा दांडा. खरं सांगायचं तर तो कोयता होता, आणि तिनं मारला तो धारेनं नव्हे, पाठीनं. धारेनं मारला असता तर बोटं मोडली नसती, गळून पडली असती. एवढा विचार तिनं त्या रागातही केला, हे गोपीचंदचं नशीब म्हणायचं.

कुरुंद्याच्या पुढं, आडरस्त्याला, पन्नास-साठ उंबऱ्यांचा हा तांडा. मार्च महिना, हळदीचे दिवस. कुणाच्या रानात पाला कापणं चाललेलं, कुणाच्या रानात खणणं, तर कुणाच्या अंगणात मोठाल्या ड्रमात कंद शिजत लावलेले. अशा दिवसांत बाईच्या हातात कोयता असतोच. चंदाबाईच्या हातात तो होता यात नवल नाही. नवल हे की गोपीचंद ते डोळ्यांनी बघत असून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि खरं बोलला. खोटं बोलता न येणं हा त्या माणसाचा एकच गुण, आणि त्या गुणानंच त्याचा घात केला.

भांडणाची सुरुवात तीन दिवस आधीची, शुक्रवारची. त्या दिवशी पुजा आली. पुजा ही तांड्याचीच सून, गावची आशाताई. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, आणि बोलायला गोड. चंदाबाई ड्रमाखाली लाकडं सारत बसली होती. पुजा जवळ जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "काकी, सरकारी दवाखान्यात लस आलीय. चौदा वर्साच्या पोरींना. आपल्या शितलचं नाव यादीत हाय. दंडात एकच इंजेक्शन द्यायचं. पुढं जाऊन पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून."

इंजेक्शन, पिशवी, कॅन्सर. हे तीन शब्द चंदाबाईच्या आयुष्यात याआधी एकदाच एका दमात आले होते.

अकरा वर्षं झाली त्याला. तेव्हा नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे, खाली, कारखान्यावर. चंदाबाई तेवीस वर्षांची, शितल तीन वर्षांची. मोळ्या उचलून उचलून कंबर धरली, अंगावरून पांढरं जायला लागलं. मुकादमानं एका खाजगी डॉक्टरचा पत्ता दिला. डॉक्टरनं मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि गोपीचंदला सांगितलं की पिशवी सडली आहे, सहा महिन्यांत कॅन्सर होईल, लेकरू आईविना राहील. चंदाबाईला मात्र एवढंच सांगितलं, एक इंजेक्शन देतो, बरं वाटेल. मणक्यात सुई गेली आणि पाय मेले. मग दोघांनी तिला हातापायांना धरून उचललं आणि एका पडद्याआड नेलं. शुद्धीवर आली तेव्हा बेंबीखाली वीतभर चीर होती आणि आतली पिशवी गेलेली होती. सही गोपीचंदनं केली होती, बाहेर, बाकड्यावर बसून. तिला कोणी विचारलं नाही. तिला अजून एक लेकरू हवं होतं. मुलगा असो की मुलगी, तिला काहीही चाललं असतं. आणि ही गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती, तो म्हणजे गोपीचंद.

दोन वर्षांनी शाळेत तपासणीचं शिबिर भरलं. तिथल्या डॉक्टरनं जुने कागद बघून कपाळाला हात लावला. आठ दिवसांच्या गोळ्यांचं दुखणं होतं, म्हणाला. तांड्यात अशा चिरा पडलेल्या सात बाया निघाल्या. बाकीच्या सहा जणी रडल्या. चंदाबाई रडली नाही. त्या दिवसापासून तिचा हात आधी उठायला लागला आणि तोंड मागून.

तसा तो शुक्रवारीही उठला. पुजाच्या हातातलं रजिस्टर तिनं ओढलं आणि ड्रमाखालच्या जाळात घातलं. पुजा ते काढायला वाकली, तेव्हा चंदाबाईनं तिची वेणी धरली.

"आधी इंजेक्शन, मग पिशवी! मला शिकवतीस? किती पोरींमागं काय मिळतं तुला, सांग!"

"काकी, सोडा! तसलं न्हाई हे, आईची आण!"

"तसलंच सांगितलं व्हतं मला बी!"

ढकलताना पुजाचं कपाळ ड्रमाच्या कडेवर आदळलं. तापलेल्या पत्र्यानं कातडी भाजली आणि कडेनं चिरली, दोन्ही एकदम. रक्त भुवईवरून गळायला लागलं. चार बायांनी मिळून चंदाबाईचे हात सोडवले. पुजा ओरडली नाही, रडली नाही. पदर कपाळाला दाबून तिनं एवढंच म्हटलं, "कागद शाळेतून बी येणार हाय काकी," आणि गेली. तिच्या कपाळाला पाच टाके पडले.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. चंदाबाई तर ताकाचं मडकंच फोडायला निघाली होती. आणि खरं बोलायचं तर तांड्यात तिला दोष देणारे कमी आणि मनातून खूश होणारे जास्त. ज्यांच्या घरी चौदाची पोरगी होती त्यांना आयतं कारण सापडलं. चंदाबाईसारखी जाणती बाई नको म्हणते, म्हणजे त्यात काहीतरी असणारच.

पण कागद शितलच्या हातानं घरी आलाच नाही. सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधीच, गोपीचंद स्वतः शाळेत गेला. मास्तरांनी पुढं सरकवलेला कागद त्यानं दोनदा वाचला, आणि खाली सावकाश, काना-मात्रा जपत, आपलं नाव लिहिलं. परत आला तो सरळ अंगणात.

"शितलची माय, म्या सही केली. बुधवारी लस हाय."

चंदाबाईनं मान वर केली. "कोणत्या हातानं?"

आणि त्या भोळ्यानं उजवा हात पुढं केला.

तिनं मनगट धरून हात ओट्याच्या दगडावर आपटला आणि कोयत्याची पाठ घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. वाळल्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज आला. गोपीचंद गुडघ्यावर बसला. त्याच्या तोंडून आधी आवाज निघाला नाही, मग निघाला तो पार ओढ्यापलीकडं ऐकू गेला.

"ह्या हातानं एकदा मला विकलं. आता पोरीला विकून राहिला!"

"अगं, न्हाई गं... डॉक्टर म्हणला..."

"डॉक्टर म्हणला!" तिनं कोयता फेकला आणि त्याचे केस धरले. "अकरा साल झाले, एकच बोलून राहिला. डॉक्टर म्हणला! तुला तोंड न्हाई व्हय रे? तुला डोळे न्हाईत?"

हे मात्र खरं होतं. अकरा वर्षांत चंदाबाईनं हजार वेळा विचारलं असेल, सही काहून केली? प्रेमानं विचारलं, रडून विचारलं, ताट भिरकावून विचारलं. उत्तर दर वेळी तेच. मला काय माहीत, डॉक्टर म्हणला. गोपीचंद तिला कधी उलट मारत नसे, आणि कधी कबूलही होत नसे.

शितल धावत आली. खो-खोच्या संघातली पोरगी, काटक. तिनं आपल्या याडीच्या, म्हणजे आईच्या, कमरेला मिठी मारून तिला मागं ओढलं आणि ओरडली, "याडी, सोड बाला! मला घ्यायचीय लस! मला आत्याबाईवानी मरायचं न्हाई!"

चंदाबाईनं मागं न बघताच हात फिरवला. शितलचा ओठ फुटला. चौदा वर्षांत तिनं पोरीला पहिल्यांदा मारलं होतं.

तांड्याचे नाईक हिरासिंग चार माणसं घेऊन आले. नवऱ्याचा हात मोडणारी बाई म्हणजे साऱ्या तांड्याची नाचक्की, नसाब बसवावी लागेल, म्हणाले. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. चंदाबाईनं अंगणातला दगड उचलला.

"बसवा की! पण आधी माझ्या पिशवीचा न्याय करा. ती गेली तवा कुठं व्हते नाईक? मुकादमाच्या जीपमध्ये फिरून राहिले व्हते!"

दगड हिरासिंगच्या पायाशी पडला. नाईक दोन पावलं मागं सरकले आणि गोपीचंदला वसमतच्या दवाखान्यात न्यायची घाई करायला लागले. मोटारसायकल निघाली. अंगण रिकामं झालं. तेव्हा मागच्या पत्र्याच्या खोलीतून आवाज आला.

"चंदा. हिकडं ये."

ही नानीबाई, गोपीचंदची धाकटी बहीण. शितल आत्याबाई म्हणते ती. तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, खराखुरा, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यानं सांगितलेला. उशीर झाला म्हणून त्यांनी घरी पाठवलेली. नवऱ्यानं वासाला कंटाळून भावाच्या दारात आणून सोडली, त्याला सहा महिने झाले. तिच्या अंगाखालची फडकी दिवसातून सहा वेळा बदलावी लागत. ते काम चंदाबाईच करायची. नाकाला पदर न लावता करायची. रागीट माणसं माया करत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला नानीबाईची पाठ पुसताना बघायला हवं होतं.

चंदाबाई आत गेली आणि सवयीनं फडकं बदलायला वाकली. नानीबाईच्या अंगात कूस बदलायचीही ताकद नव्हती. ती कुठून आणली देव जाणे, पण तिनं खाडकन चंदाबाईच्या तोंडात मारली.

"माझ्या भावाला मारलंस म्हणून न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "पोरीला मारलंस म्हणून."

"नानीबाई, तुला ठाऊक न्हाई..."

"मला ठाऊक न्हाई? मला?" तिनं चंदाबाईचं मनगट पकडलं. नखं रुतली. "पाच सालामागं मला रक्त जायला लागलं. भलत्या वेळी, भलतं. पुजा तवा बी घरी आली व्हती. चल म्हणली, तपासून घेऊ, फुकट हाय. म्या गेले न्हाई. काहून गेले न्हाई, सांगू?"

चंदाबाईनं मनगट सोडवायला ओढलं. नानीबाईनं सोडलं नाही.

"तुला बघितलं व्हतं म्या. टाके पिकले व्हते तुझे, तू लोळून राहिली व्हतीस. म्या ठरवलं, मरीन पण त्या डॉक्टर लोकांला हात लावू देणार न्हाई. तीन साल रक्त गेलं, तीन साल म्या लपवलं. त्या हरामखोरानं तुझी पिशवी नेली चंदा. माझा जीव बी त्यानंच नेला, मला न बघता. आन् आता शितलला बी त्याच्याच हवाली करून राहिलीस."

"म्या तिला वाचवून राहिले!"

"म्या बी मला वाचवूनच राहिले व्हते."

मग तिला कळ आली. कळ आली की नानीबाई स्वतःचाच दंड चावायची, तिथं काळे-निळे वण पडले होते. चंदाबाईनं तिच्या दातांत आपला हात दिला. नानीबाईनं तो रक्त येईपर्यंत चावला.

बुधवारची लस चुकली. पुढच्या बुधवारच्या आत नानीबाई गेली. शांतपणे गेली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. दोन दिवस आणि एक रात्र तिचं ओरडणं तांड्यानं ऐकलं. शेजारच्यांनी रेडिओ मोठा केला, मग लाज वाटून बंद केला. शेवटी तिला आवाजही उरला नाही, नुसतं तोंड उघडायची. चंदाबाईनं तिला शेवटची आंघोळ घातली तेव्हा त्या बाईचं वजन शितलपेक्षा कमी भरलं असतं. वय सगळं मिळून एकतीस.

बारावा झाला आणि चंदाबाई पुजाच्या दारात जाऊन उभी राहिली. पुजाच्या सासूनं तिला बघून मुसळ उचललं, आणि ते उचलायचा तिला हक्कच होता. पुजाच बाहेर आली. कपाळावर टाक्यांची लालभडक रेघ.

"किती मिळतं तुला असं विचारलं व्हतं म्या," चंदाबाई म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळं ती वाकडीच निघाली. "तू मला बी एक हाणून घे. मग सांग कवा यायचं ते."

पुजानं हाणलं नाही. "बुधवारी या काकी. पोरीला पोटभर खाऊ घालून आणा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात, चक्करबिक्कर येती कोणाकोणाला, म्हणून."

शेवटचं वाक्य चंदाबाईला ऐकूच गेलं नाही. बुधवार ऐकला आणि तिच्या मणक्यात ती अकरा वर्षांपूर्वीची सुई पुन्हा शिरली होती.

बुधवारी तिघं रिक्षानं निघाले. गोपीचंदचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शितलनं भीतीनं भाकरीचा तुकडाही मोडला नव्हता आणि हे आईला सांगितलं नव्हतं. चंदाबाईच्या मांडीवर कापडी पिशवी. त्यात पाण्याची बाटली, टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेला कोयता. गोपीचंदला मूठ दिसली. तो काही बोलला नाही. बोलून त्याला काय मिळतं हे बोटांनी नुकतंच शिकवलं होतं.

सरकारी दवाखाना रस्त्यावरच्या मोठ्या गावात. व्हरांड्यात पोरी, आया, बाकं. डॉक्टरीणबाई तरुण, चष्म्याची, बोलायला ठणठणीत. चंदाबाईनं तिला तीन वेळा विचारलं, कुठं टोचणार? तिन्ही वेळा डॉक्टरीणबाईनं न चिडता स्वतःच्या दंडावर बोट ठेवून दाखवलं.

"मणक्यात न्हाई?"

"मणक्यात नाही. दंडात. एकच."

"मग आत नेणार?"

"कुठंच नेणार नाही. इथंच बाकावर बसायचं."

कागद आला. चंदाबाईनं अंगठा दिला. नर्सनं शितलची बाही वर केली, सुई गेली, सुई आली. एवढंच. चंदाबाईला वाटलं आपण उगाच अकरा वर्षं थरथरतोय. ती मिनिटभर सैल झाली, आणि नळावर बाटली भरायला गेली.

तेवढ्यात शितल पडली.

रिकामं पोट, दाटीवाटी, सुईची धास्ती. लस घेतल्यावर पोरी अशा घेरी येऊन पडतात, दवाखान्याला त्याचं नवल नव्हतं. नर्सनं आणि शिपायानं तिला हातापायांना धरून उचललं आणि आतल्या खोलीतल्या खाटेवर न्यायला निघाले. डॉक्टरीणबाई मागोमाग गेली. खोलीच्या दाराला हिरवा पडदा होता.

चंदाबाई नळावरून वळली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच. पोरीचे डोळे मिटलेले. दोघांनी हातापायांना धरलेली. आणि पडदा खाली पडला.

बाटली सुटली. पिशवी फाटली की उघडली, कोणाला कळलं नाही. कोयता हातात आला तो या वेळी धारेनं. व्हरांड्यातल्या बाया किंचाळत भिंतीला चिकटल्या. शिपाई दारात आडवा आला, "ओ बाई!" म्हणाला, आणि कोयत्याचं टोक त्याच्या खांद्यावरून ओढत गेलं. खाकी सदरा उघडला आणि आतून लाल झाला. तो खाली बसला. चंदाबाईनं पडद्यावर घाव घातला, पडदा उभा फाटला.

आत डॉक्टरीणबाईनं शितलचे दोन्ही पाय उचलून धरले होते, छातीपर्यंत. चंदाबाईनं ते पाहिलं आणि तिला दुसरं काहीच दिसेना.

"सोड! सोड माझ्या लेकराला! तुकडे करीन!"

नर्स खाटेखाली शिरली. डॉक्टरीणबाई पांढरीफटक पडली, पण हात सुटले नाहीत. "नाही सोडणार!" ती ओरडली. "रक्त डोक्याकडं जायला पाहिजे! आधी पोरीला उठू द्या, मग काय कापायचंय ते कापा!"

कापणं हा शब्द त्या खोलीत बोलायला नको होता.

कोयता वर गेला आणि खाली आला. मधे गोपीचंद आला. तो कधी आत शिरला कोणी पाहिलं नाही. डोक्यावर धरायला त्याच्याजवळ होता तो प्लास्टरचाच हात. पातं प्लास्टरात रुतलं, तुकडे उडाले, मोडलेल्या बोटांतून कळ निघून त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी त्यानं तो हात बायको आणि डॉक्टरीणबाईच्या मधून काढला नाही. चंदाबाईनं पातं ओढून काढलं आणि पुन्हा उगारलं. पातं निघालं त्या जागेतून रक्त झिरपायला लागलं.

"याडी?"

शितलनं डोळे उघडले होते. ओठ पांढरे, कपाळ ओलं. "याडी, काय करून राहिलीस?"

चंदाबाईचा हात वरच राहिला. मग कोयता तिच्या मागं फरशीवर पडला, पण तो तिनं टाकला की हातातून गळला, सांगता येत नाही. ती पोरीवर पडली. शितलचा सदरा तिनं दोन्ही हातांनी वर केला. पोट उघडं पडलं. चौदा वर्षांच्या पोरीचं सपाट, सावळं पोट. चंदाबाईनं बेंबीपासून खाली बोटं फिरवली. मग तळहात फिरवला. मग पुन्हा बोटं. शितल लाजून सदरा ओढायला लागली, तिनं ओढू दिला नाही. ती डोळे पोटाला चिकटवून बघत होती.

"कापलं न्हाई," ती म्हणाली.

"नाही कापलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिनं अजून पाय धरलेलेच होते. "कोणी कापणार नाही. चक्कर आली होती, बस्स."

"काहीच न्हाई कापलं?"

"काहीच नाही, बाई."

चंदाबाई ताठ झाली. तिनं डॉक्टरीणबाईकडं पाहिलं, लहान पोरानं मास्तरणीकडं बघावं तसं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

"मग माझं काहून कापलं?"

बाहेर आरडाओरडा चालला होता. कोणीतरी पोलिसांना फोन लावत होतं.

"म्या सही केली म्हणून."

गोपीचंद बोलला. तो भिंतीला टेकून फरशीवर बसला होता, फुटलेलं प्लास्टर मांडीवर घेऊन. "डॉक्टर म्हणला ते खरं हाय. पण तुला इचारायला पायजे व्हतं म्या. तू दारापलीकडंच व्हतीस, दहा पावलांवर. तुला अजून एक लेकरू पायजे हे बी मला ठाऊक व्हतं. म्या इचारलं न्हाई. तू न्हाई म्हणशील म्हणून इचारलं न्हाई. तुझं कापलं ते म्या कापलं."

चंदाबाई त्याच्यापर्यंत गेली. तिनं त्याच्या तोंडात मारली. मग छातीवर, मग डोक्यावर, उघड्या हातांनी, दोन्ही हातांनी, जिथं लागेल तिथं. मारता मारता ती रडायला लागली, शिबिराच्या दिवशी राहून गेलेलं सगळं, मोठ्यानं, व्हरांड्यातल्या बायांना ऐकू जाईल असं. पोलीस येईपर्यंत ती मारत राहिली, आणि गोपीचंदनं हात मधे आणला नाही.